एकसष्ट गुणांची पाठ

टेबलावर कोणीतरी लघवीची बाटली आणून ठेवली तेव्हा प्रेमानंद एकसष्ट या आकड्याकडे बघत होता. बाटली कोमट होती. मनगटाला तिचा तळ लागला आणि त्या कोमटपणाने तो जो दचकला तो दिवसभर दचकलेलाच राहिला. समोर एक टोपीवाले काका उभे होते. "रिपोर्ट कधी भेटन?" त्यांनी विचारलं. रामदासपेठेतल्या त्या इमारतीत पॅथॉलॉजी लॅब पहिल्या मजल्यावर होती आणि प्रेमानंदचा व्हिडिओ गेम बनवायचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, पण जिना असा काही वळायचा की चढणाऱ्याला आपण किती मजले चढलो याचा पत्ता लागायचा नाही. तीन वर्षं रोज दोन-तीन जण असे यायचे, काही तर उपाशीपोटी बाही वर करूनच. "काका, लॅब खाली आहे." "मंग इथं काय तपासता तुम्ही?" "इथं काहीच तपासत नाही." काकांनी खोलीतले चार कॉम्प्युटर, भिंतीवरची राक्षसांची चित्रं आणि प्रेमानंदचा चेहरा असं क्रमाने बघितलं. "तब्येतीची काळजी घ्या जरा," असं म्हणून ते खाली गेले, आणि बाटली राहिली तिथेच. मग मधुसूदन, त्याचा भागीदार, ती दोन बोटांत धरून काकांच्या मागे जिना उतरला. आपला स्वतःचा रिपोर्ट आलेला असताना दुसऱ्याची लघवी पोचवायची, या गोष्टीत काहीतरी अर्थ असेल असं प्रेमानंदला क्षणभर वाटलं. काही अर्थ नव्हता.

एकसष्ट म्हणजे शंभरपैकी एकसष्ट. जगभरचे समीक्षक नव्या गेमला गुण देतात आणि एक साइट त्या सगळ्यांची सरासरी काढून चौकोनात छापते. पंचाहत्तरच्या वर गेला तर चौकोन हिरवा. त्याच्या 'कोलियरी नाइन'चा पिवळा होता, कावीळ झालेल्या डोळ्यासारखा. बारा समीक्षकांनी खेळून बघितला. गेम साधाच: दूरच्या एका चंद्रावर कोळशाची खाण, भिंतीतून काहीबाही प्राणी निघतात, आणि एक खाणकामगार बंदूक घेऊन त्यांना मारत आत आत जातो. खेळणाऱ्याला तो कामगार सतत पाठमोरा दिसतो, कारण कॅमेरा त्याच्या मागे चार पावलं चालत असतो. म्हणजे बारा तास तुम्ही एका माणसाची पाठ बघता. आणि ती पाठच बारांपैकी अकरा जणांना आवडली नव्हती. फिनलंडच्या बाईने लिहिलं होतं, नायक असा चालतो की त्याची चावी हरवली आहे असं वाटत राहतं. एकाने लिहिलं, गेम स्वस्तातला आहे आणि त्यातल्या प्रत्येक दगडाला ते माहीत आहे. एका पोराने नुसत्या त्या वाकलेल्या चालीचा आठ मिनिटांचा व्हिडिओ केला होता आणि मागे बँडबाजा लावला होता. एकाने मात्र अठ्ठ्याऐंशी दिले होते. प्रेमानंदने ते परीक्षण तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं की त्यात पाण्याखालचं शहर आहे आणि एक बोलणारी मांजर आहे. कोलियरी नाइनमध्ये पाणी नाही. मांजर तर नाहीच. तो कोणत्या तरी दुसऱ्याच गेमवर खूश होता. पण सगळ्यात आत गेलं ते इंग्लंडच्या माणसाचं वाक्य. एवढ्या उंचच उंच गुहा, आणि हा गडी कमरेत वाकून काय फिरतो? गेम बनवणाऱ्याने ताठ उभा राहिलेला माणूस कधी बघितलाच नाही का?

नाही बघितला, असं प्रेमानंद स्क्रीनला म्हणाला. मोठ्याने म्हणाला असावा, कारण वर आलेल्या मधुसूदनने हात पुसता पुसता विचारलं, "काय?" मग मधुसूदनने पब्लिशरची मेल वाचली, उभ्याउभ्याच. पोलंडमधल्या त्या बाईंनी फार गोड लिहिलं होतं. करारात सत्तर लिहिलंय, सत्तरच्या खाली दुसरा गेम नाही, वाईट वाटतं. पण एक सोडून सगळ्यांची तक्रार एकच आहे. पाठ सरळ करा, दोन आठवड्यांत सुधारलेला गेम द्या, मी त्यांच्यातल्या काहींना पुन्हा बघायला लावते. उत्तर आजच कळवा. "दोन तासाचं काम आहे यार," मधुसूदन म्हणाला. "तुझ्या बाबाची ती सरळ चाल पडलीच आहे नं फोल्डरमधे, गच्चीवर पकडलेली. ते लाव, इसको निकाल. नाहीतं मी चाललो पुण्याले आणि तू चालला हैदराबादले, रमीच्या पत्त्यांवरच्या राण्या रंगवाले." त्यात खोटं काहीच नव्हतं. हैदराबादच्या त्या ऑनलाइन रमीवाल्या कंपनीचा फोन मागच्या आठवड्यात येऊन गेला होता, आणि त्या माणसाने विचारलं होतं, राण्यांचे दागिने जमतील का चमकवायला. प्रेमानंदने मधुसूदनला सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांब. काहून थांब, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. राग येत होता, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे तो मोजे घालू लागला, मग लक्षात आलं की मोजे आपण काढलेलेच नव्हते.

स्कूटरवर इंदोऱ्याला घरी जाताना प्रत्येक सिग्नलला पुढच्या गाडीवरच्या माणसाची पाठ त्याच्यासमोर येत होती आणि तो तिला मनातल्या मनात गुण देत होता. चौपन्न. सत्तेचाळीस. एका पोलिसाला बहात्तर. लहानपणी कन्हानच्या खाण कॉलनीत सकाळी तो बापाच्या मागे मागे बसच्या थांब्यापर्यंत जायचा. रुपराव पुढे, हातात डबा, आणि हा मागे चार पावलं. बापाचं तोंड आठवायचं म्हटलं तर त्याला अजूनही जरा वेळ लागतो, पाठ मात्र झटकन येते: खाकी शर्टावर सुकलेल्या घामाचे पांढरे नकाशे, आणि खांद्यांच्या मध्ये तो बाक. जवळजवळ सहा फुटांचा माणूस, एकतीस वर्षं पाच फुटांच्याही खाली असलेल्या बोगद्यात काम केलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी उघड्या आभाळाखाली ते असे चालतात की वर काहीतरी आहे. गेम सुरू केला तेव्हा ही चाल पकडायची असं त्याने ठरवलं होतं. चाल पकडायचे खास सूट असतात, पण ते मोठ्या कंपन्यांना. वंदनाने, त्याच्या बायकोने, कॅमेऱ्याला सांधे दिसावेत म्हणून काळ्या थर्मलवर टेबल टेनिसचे छत्तीस चेंडू शिवून दिले. रुपरावांनी ते अंगात घातलं, आणि गच्चीवर, शेजारच्या तीन गच्च्यांवर माणसं जमलेली असताना, छाती काढून, मान ताठ करून, सव्वीस जानेवारीच्या परेडसारखे चालले. दहा वेळा चालायला लावलं, दहाही वेळा तसेच. "बाबा, रोज चालता तसं चाला नं." "रोज असाच तं चालतो." अकराव्या वेळेला पाठीवरचा एक चेंडू निखळून खाली गेला आणि खालून शेजारच्या यमुताई ओरडल्या की कोणाचं अंडं पडलं वं. ती रेकॉर्डिंग फुकट गेली. म्हणजे फुकट नाही, फोल्डरमध्ये पडून राहिली. मग एका सकाळी रुपराव दूध आणायला निघाले तेव्हा प्रेमानंद मोबाइल छातीशी धरून त्यांच्या मागे चालला, डेअरीपर्यंत, आणि परत. चार पावलं अंतर ठेवून. त्या व्हिडिओवरून त्याने हाताने, एकेक मणका वाकवत, नायक बनवला. सात महिने लागले. बापाला सांगितलं नाही. चोरी करायची आणि ज्याच्या घरी केली त्यालाच दाखवायची, एवढा तो धीट नव्हता. त्यात रुपरावांनी आतापर्यंत गेम बघितलाच नव्हता. त्यांच्या मते अर्धवट स्वयंपाक चाखायचा नसतो.

चौकात वळल्यावर त्याने ब्रेक मारला तो इतक्या जोरात की मागचा ऑटोवाला त्याच्या घराण्यावर गेला. विजेच्या दोन खांबांच्या मध्ये आठ फुटी फ्लेक्स लागला होता. वर निळ्यात त्याचा फोटो, तो लग्नातला, मुंडावळ्या पुसून टाकलेला, त्यामुळे कपाळावर दोन्हीकडे धुरकट डाग. बाजूला कोलियरी नाइनचं चित्र, म्हणजे पाठच, कारण त्या गेमच्या कोणत्याही चित्रात दुसरं काही मिळणं शक्य नव्हतं. आणि खाली: 'आंतरराष्ट्रीय गेम परीक्षेत ६१ टक्के गुण घेऊन प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्याबद्दल चि. प्रेमानंद रुपराव यांचे हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुकांची तेवीस नावं. तो घरात शिरला तो ओरडतच. "कोणं सांगतलं यायले?" वंदना कणीक मळत होती. "मी सांगतलं. बाबानं विचारलं किती पडले, मी म्हटलं एकसष्ट. त्यायनं तिथंच उडी मारली." "अवं, एकसष्ट म्हणजे नापास असते तिकडं!" "मले काय मालूम? आपल्या इकडं तं साठाच्या वर फर्स्ट क्लास." आणि मग आवाज खाली करून: "बाबा सकाळपासून संत्रा बर्फी वाटून राहिले. स्टुडिओत तुमच्याकडे बी घेऊन येतो म्हणत होते, मी थांबवलं." त्याच्या डोळ्यांसमोर दहावीचा निकाल आला. अठ्ठावन्न. रुपराव पाळीवरून येताना बर्फीचा डबा आधीच घेऊन आले होते, आकडा ऐकला, "पास तं झाला," म्हणाले, आणि डबा वर फळीवर ठेवून दिला, आणि तो डबा तिथे कधी उघडला गेला हे प्रेमानंदला आजपर्यंत माहीत नाही. आता त्या माणसाला काय सांगायचं? की फर्स्ट क्लास शेवटी आला, पण ज्या शाळेत आला तिथे सत्तरच्या खाली नाव काढून टाकतात? रुपराव पांढरा सदरा घालून बाहेर आले. "चाल, प्रेमा. पौर्णिमा आहे, विहारात सगळे जमलेच आहेत. सत्कार करतो म्हणते यमुताई. आणि कॉम्प्युटर घे सोबत, भिंतीवर पाहू सगळे." "बाबा, ऐका नं, ते गुण..." "मालूम आहे, लाजू नको." आणि ते पुढे निघाले. तो चार पावलं मागे.

विहारात बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग यमुताईंनी माईक हातात घेतला, जो त्या सहसा परत देत नाहीत. फुलांचा गुच्छ दिला, संविधानाची प्रत दिली, आणि भाषण केलं, त्यात त्यांनी गेमला एकदा प्रयोग म्हटलं आणि दोनदा पिक्चर. प्रेमानंद मांडीवर संविधान घेऊन बसला होता आणि खिशात फोन थरथरत होता. मधुसूदन. 'काय ठरलं? बाई वाट पाहून राहिली.' लोक टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक टाळी त्याला कानशिलात बसल्यासारखी वाटत होती. असं ओरडावं की मी नापास आहे, मला सत्कार नको, मला घरी जाऊ द्या. पण तोवर प्रोजेक्टर लागला होता, पांढऱ्या भिंतीवर चंद्राची खाण उजळली होती, देवळाच्या कळसाएवढ्या उंच काळ्या गुहा, आणि त्यांच्यामधून, कमरेत वाकून, मान पुढे काढून, एक माणूस पाठमोरा चालू लागला. मागून कोणीतरी हसलं. मग यमुताई माईकमध्येच म्हणाल्या, "अगा माय! हे तं रुपरावभाऊ होय!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. हो वं, तेच. दुधाले चालले पाहा. थैली तेवढी द्या हातात. इंदोऱ्यातल्या दीडशे लोकांनी जे एका सेकंदात ओळखलं ते जगातल्या बारा समीक्षकांना बारा तासांत ओळखता आलं नव्हतं, आणि प्रेमानंदला अर्धा क्षण छातीत असं काही गरम झालं की त्याने मान वर केली. त्याला एकच माणूस गप्प दिसला.

रुपराव प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "हा कोण होय?" ते म्हणाले. "तुम्हीच होय, भाऊ!" "मी नाही." "अहो, तुमचीच पाठ आहे!" रुपरावांनी मान वळवून आपल्या खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला, कुत्रं शेपटी बघतं तसा, आणि लोक अजून हसले. आता प्रेमानंदला कळलं. अख्ख्या वस्तीने ती पाठ रोज बघितली होती. एकट्या रुपरावांनीच कधी बघितली नव्हती. "मी तं सरळ चाललो होतो, प्रेमा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "गच्चीवर. तू मोजलं होतं नं?" फोन पुन्हा थरथरला. प्रेमानंदने लॅपटॉप ओढला, फोल्डर उघडला आणि परेडची चाल चढवली. एवढ्याला खरोखर दोन तास लागले नाहीत, दोन मिनिटं लागली. भिंतीवरचा माणूस ताठ झाला. छाती बाहेर, मान उंच, सव्वीस जानेवारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपरावांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, आणि प्रेमानंदला वाटलं, झालं. पोलंडची बाई खूश, बाप खूश, सत्तर गुण. आपण एकटे कशाला अडून बसलो होतो? त्याने फोन काढून मेलवर 'हो' एवढं लिहिलंसुद्धा. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

"कंट्रोल दे इकडं," रुपराव म्हणाले. त्यांनी ते बटणांचं यंत्र दोन्ही हातांत धरलं, डबा धरतात तसं, आणि ताठ माणसाला घेऊन पहिल्या बोगद्यात शिरले. छत वर कुठेतरी साठ फुटांवर होतं. तरी बोगद्याच्या तोंडाशी रुपरावांचं डोकं आपोआप खाली गेलं. खुर्चीत. लोक हसले. पुढच्या बोगद्यातही गेलं. तिसऱ्या ठिकाणी ते थांबले. "हा मेला," ते म्हणाले. "कोण मेला, बाबा?" "हाच. असा चालणारा माणूस पहिल्याच पाळीत डोस्कं फोडून घेते. आमच्याकडं एक आला होता उमरेडकडचा, उघड्या खाणीवरून, सरळ चालाची सवय. तीन टाके पडले पहिल्याच दिवशी." मग डोळे बारीक करून: "पहिला लाव बरं. तो वाकलेला." प्रेमानंदने लावला. रुपरावांनी तो बराच वेळ चालवला, कुठलाही राक्षस न मारता, नुसता इकडून तिकडे. राक्षस त्याला चावत होते, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "चाल बरोबर आहे याची," ते शेवटी म्हणाले. "गुडघा बी बरोबर. छत चुकलं तुझं. इतक्या उंच छताखाली वाकते म्हणून येडा दिसते तो. खाणीत इतकं उंच राहते काय कधी?"

"बाबा, तयार गुहा घेतल्या होत्या. स्वस्त होत्या," प्रेमानंद म्हणाला. मग तीन वर्षांचा सगळा वैताग त्याच्या तोंडून बाहेर पडला. "आणि छत खाली नाही घेता येत! काहून की तो कॅमेरा मांगून चालते नं, माणसाच्या डोक्याच्या वरून. छत खाली आणलं तं कॅमेरा छतात घुसते, सगळं काळं होते. मी करून पाहिलं. सत्रा वेळा करून पाहिलं. नाही होत ते!" रुपरावांनी त्याच्याकडे बघितलं, खाणीवर नवीन आलेल्याकडे बघावं तसं. "मांगून कोण चालते म्हणतो?" "कॅमेरा. म्हणजे पाहणारा. जो खेळून राहिला तो." "मंग त्याले म्हणा नं, तू बी वाक. मांगचा माणूस काय बगीच्यात फिराले आला? खाणीत मांगचा बी वाकूनच चालते. पुढच्याच्या कमरेवर नजर ठेवून. तेवढंच दिसते."

सतरा वेळा प्रेमानंदने छत हलवलं होतं, भिंती हलवल्या होत्या, माणूस हलवला होता. बघणाऱ्याला खाली आणायचं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. बघणारा ताठ असतो हे त्याने कुठे वाचलंही नव्हतं, नुसतं मानलं होतं. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, संविधान बाजूच्या खुर्चीवर नीट ठेवलं. पहिल्या बोगद्याचं छत निवडलं आणि खाली ओढलं. "अजून," रुपराव म्हणाले. "अजून. साडेचार फूट. बस." मग कॅमेरा. नायकाच्या डोक्यावरून काढून त्याने तो कमरेच्या उंचीला आणला, थोडा वर बघणारा. भिंतीवरचं चित्र एकदम दाबल्यासारखं झालं. वर काळा खडबडीत दगड, समोर ती पाठ, इतकी जवळ की शर्टाची शिवण दिसावी, आणि बाकी काही नाही. चित्र मध्येच फाटत होतं, एका कोपऱ्यात राक्षसाचा पाय भिंतीत अडकून नाचत होता, दोन आठवडे काय दोन महिन्यांचं काम होतं. यमुताईंनी माईक खाली ठेवला. प्रेमानंदने फोन घेतला, 'हो' पुसलं आणि लिहिलं: पाठ तशीच राहील. छत खाली येत आहे. तुमचे समीक्षकही जरा खाली येतील. नसेल जमत तर कळवा, मला हैदराबादला फोन करावा लागेल. वाचून बघितलं तर पाठवायची हिंमत होणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून न वाचताच पाठवून दिलं, आणि मधुसूदनला आता कोणत्या तोंडाने सांगायचं असं वाटून त्याने फोन उलटा ठेवला.

रुपराव खेळत होते. विहारातले लोक आवाज न करता बघत होते, आणि बघता बघता पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान खाली घेतली, मग तिच्या शेजारणीने, मग मागच्यांनी, छत जवळ आलं की सगळेच. रुपरावांनी कंट्रोल त्याच्याकडे दिलं. "धर. एक हात छताले लावून चालव त्याले, नाहीतं समजणार नाही कुठं संपते ते."

"त्याला हात वर करता येत नाही, बाबा. ते केलंच नाही मी."

"मंग कर," रुपराव म्हणाले आणि खुर्ची त्याच्या मागे ओढून बसले. "तोपर्यंत असाच चाल. पुढं अजून खाली आहे."